दत्तक नामंजूर!

आमच्या वाडीच्या शाळेत इतिहासाचा तास चालला होता. पाठ होता डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केल्याचा. तिसरे रघूजी राजे निपुत्रिक वारले, राणीने मांडीवर घेतलेला मुलगा गव्हर्नर जनरलाने मानला नाही, आणि वर्धा नदीपासून छत्तीसगडापर्यंतचा मुलूख कंपनी सरकारच्या घशात गेला, एवढे सांगून होताच मुलांच्या मुठी वळल्या. तोच मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "गुरुजी, त्या डलहौसीले तरी पोरगं होतं काय जी?"

वर्ग हसला. आम्हास मात्र हसू आले नाही. पाठ्यपुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नाही. ते आम्ही शोधून दुसऱ्या आठवड्यात त्या मुलीस दिले. तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण त्यावर शाळेतल्या पोरांपेक्षा घरोघरच्या कर्त्या माणसांनीच अधिक विचार करावा, असे आमचे मत आहे.

प्रथम डलहौसी म्हणजे काय ते पाहू. डलहौसी हे माणसाचे नाव नव्हे. माणसाचे नाव जेम्स आणि आडनाव रॅमझे. स्कॉटलंडात एडिंबरो शहराजवळ डलहौसी नावाचा एक जुना किल्ला आहे, त्यावरून ही पदवी पडली. आपल्याकडे जशी देशमुखी आणि पाटीलकी वंशपरंपरा चालत असे, तशी विलायतेत सरदारकी चालते. तिच्या पाच पायऱ्या आहेत. सर्वांत खाली बॅरन, त्यावर व्हायकाउंट, मग अर्ल, मग मार्क्विस, आणि सर्वांत वर ड्यूक. 1633 साली राजा पहिला चार्ल्स याने रॅमझे घराण्यातील विल्यम यास डलहौसीचा अर्ल केले. तेव्हापासून ही पदवी त्या घरातील पुरुषांकडे चालत आली. त्या साखळीतला नववा अर्ल जॉर्ज हा नेपोलियनविरुद्धच्या युद्धात लढला, पुढे कॅनडाचा गव्हर्नर झाला, आणि 1830 ते 1832 हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती होता. त्याचा मुलगा जेम्स, म्हणजे आपल्या पाठातला डलहौसी, हा दहावा अर्ल. जन्म 1812 चा. वडील भाऊ आधीच वारले, म्हणून 1838 साली बापामागे पदवी त्याच्याकडे आली. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, 1848 साली, तो गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास उतरला.

पुढच्याच वर्षी पंजाब जिंकून खालसा झाला. त्याबद्दल राणी व्हिक्टोरियाने त्यास एक पायरी वर चढविले आणि मार्क्विस केले. नव्या पदवीच्या सनदेत डलहौसीच्या किल्ल्याबरोबर पंजाबचेही नाव घातले! दुसऱ्याचे घर घ्यावे आणि त्याच घराचे नाव आपल्या नावास जोडावे, असा हा मान. या सनदेत एक अट होती, ती वाचकांनी ध्यानात ठेवावी: ही पदवी जेम्स रॅमझे याच्या पोटच्या मुलग्यांकडेच जाईल, इतर कोणाकडे नाही.

आता नागपूरकडे येऊ. भोसल्यांचीही पदवी होती, सेनासाहेबसुभा. अठराव्या शतकाच्या आरंभी शाहू महाराजांनी ती परसोजी भोसल्यास दिली. परसोजीचा मुलगा कान्होजी, त्याच्यामागे घरातलाच पहिला रघूजी, मग रघूजीचा मुलगा जानोजी, अशी ती फिरत गेली. पहिल्या रघूजीने त्या पदवीच्या बळावर बंगालपर्यंत घोडी नेली, आणि 1751 च्या तहाने बंगालच्या नबाबाने वर्षास बारा लाख रुपये चौथाई कबूल केली. अशा घरातला तिसरा रघूजी 11 डिसेंबर 1853 रोजी वारला. पोटी मुलगा नव्हता, आणि हयातीत त्याने दत्तक घेतला नव्हता. राणीने नात्यातल्या यशवंतराव नावाच्या मुलास घेतले आणि जानोजी असे नाव ठेवले. हिंदू शास्त्राप्रमाणे नवऱ्यामागे त्याच्या नावाने दत्तक घेण्याचा विधवेचा रिवाज महाराष्ट्रात जुना. पण कलकत्त्याहून उत्तर आले ते नकाराचे. औरस वारस नाही, सबब राज्य सरकारजमा.

याच न्यायाने 1848 साली साताऱ्याचे राज्य बुडाले होते, आणि 1854 साली नागपुराबरोबर झाशीचेही बुडाले. साताऱ्याच्या राजाने तर मरणापूर्वी स्वतः दत्तक घेतला होता. म्हणजे राजाने घेतला तरी नामंजूर, राणीने घेतला तरी नामंजूर. नागपूरच्या बाबतीत डलहौसीने जे टिपण लिहिले, त्यात धर्मशास्त्राच्या बरोबरीने कापसाचाही विचार होता. इंग्लंडच्या गिरण्यांस लागणारा कापूस या मुलखात पिकतो हे त्याने लपविले नाही. आमच्या शेतकरी बंधूंनी हे विसरू नये. गादीच्या वारसाचा वाद चालला होता आणि नजर होती बोंडावर.

त्यानंतर वाड्यातले जडजवाहीर बाहेर निघाले. हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले. बायकामाणसांस पेन्शनी बांधून दिल्या. आणि मग खरा चमत्कार झाला. 1857 चे बंड येऊन गेले. त्यात वृद्ध बांकाबाई राणी इंग्रजांच्या बाजूस राहिली. तेव्हा सरकारने खूश होऊन त्याच दत्तक जानोजीस 'देऊरचा राजाबहादूर' अशी वंशपरंपरेची पदवी दिली. देऊर म्हणजे सातारा जिल्ह्यातले भोसल्यांचे जुने गाव. राज्य द्यावयाचे होते तेव्हा जो मुलगा वारस नव्हता, तोच मुलगा नुसते नाव द्यावयाच्या वेळी वारस ठरला! मुलगा तोच, आई तीच, शास्त्र तेच. मग बदलले काय? मागे मुलूख होता, आता मुलूख नव्हता, इतकेच.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. डलहौसीस मुलगा नव्हता. दोन मुली होत्या, सुझन आणि ईडिथ. ज्या 1853 सालाच्या अखेरीस नागपूरचा राजा वारला, त्याच सालात डलहौसीची बायकोही मायदेशी जाताना वाटेत बोटीवर वारली. 1856 साली तो स्वतः आजारी होऊन परतला. कंपनीने त्यास वर्षास पाच हजार पौंडांची नेमणूक करून दिली. 19 डिसेंबर 1860 रोजी डलहौसीच्या त्याच किल्ल्यात तो वारला. पोटी मुलगा नाही, म्हणून मार्क्विसची पदवी अकरा वर्षांत बुडाली. नागपूरच्या दौलतीवर जो नियम त्याने लावला, तो त्याच्या या नव्या मानास लागला असे म्हणता येईल.

पण वाचकहो, येथेच थांबू नका. जुनी अर्लची पदवी बुडाली नाही. ती गेली चुलत भावाकडे, फॉक्स मॉल नावाच्या गृहस्थाकडे. तोही 1874 साली निपुत्रिक वारला. तरी पदवी बुडाली नाही; पुन्हा घराण्यातल्या दुसऱ्या पुरुषाकडे गेली, आणि आजही तो अर्ल विलायतेत आहे. दोन वेळा पोटचा मुलगा नाही, आणि दोन्ही वेळा घर शाबूत. रॅमझ्यांच्या दारात लिलाव पुकारला गेला नाही, त्यांची घोडी बाजारात विकली गेली नाहीत. स्वतःच्या घरात चुलता-पुतण्या चालतो, दूरचा भाऊबंद चालतो, आणि परक्याच्या घरात विधवेने विधिपूर्वक घेतलेला मुलगा चालत नाही. बळी तो कान पिळी, याहून दुसरा कायदा यात आम्हास दिसत नाही.

या दोन्ही कथांत आणखी एक गोष्ट आहे, ती त्या मुलीच्या लगेच ध्यानात आली. ती म्हणाली, "मग पोरी होत्या ना जी? त्यायले काऊन नाही देल्ली?" खरेच, बापाची पदवी सुझनला मिळाली नाही की ईडिथला मिळाली नाही. विलायतेत राजाच्या गादीपुरता हा भेद 2013 च्या कायद्याने काढला. पण सरदारांच्या बहुतेक पदव्या अजून मुलग्यांकडेच जातात. लंडनच्या सरदारसभेत नुसत्या जन्माच्या जोरावर बसणारांपैकी बहुतेकांस 1999 च्या कायद्याने उठविले, तरी घरातला हा भेद गेला नाही.

डलहौसीस आम्ही केवळ शिव्या देत नाही. आगगाडी, तारायंत्र आणि अर्ध्या आण्याचे टपाल त्याच्या कारकीर्दीत आले, आणि विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याचा मसुदाही त्याच काळात पुढे आला. तसेच भोसल्यांच्या गादीसाठी रडत बसावे असेही आमचे म्हणणे नाही. रयतेने हा हिशोब रोखठोक पाहावा. नागपूर शहर वसविले देवगडच्या गोंड राजाने, बख्तबुलंदाने. त्याच्या मुलामागे वारसांत भांडण लागले, राणीने मदतीस पहिल्या रघूजीस बोलाविले, आणि 1743 च्या सुमारास गोंड राजाकडे 'राजा' ही पदवी आणि पोटाची नेमणूक तेवढी राहिली. राज्य रघूजीचे झाले. म्हणजे डलहौसीने जे भोसल्यांस केले, त्याचा धडा भोसल्यांनी गोंडांवर आधीच गिरवून ठेवला होता. पुढे जानोजी वारल्यावर सेनासाहेबसुभा कोणी व्हावे यासाठी मुधोजी आणि साबाजी हे भाऊ लढले. 1775 साली उमरेडच्या वाटेवरील पाचगावी मुधोजीच्या हातून साबाजी ठार झाला. आणि 1803 च्या लढाईत दुसऱ्या रघूजीने कटक व वऱ्हाड गमावले, तेव्हा त्या तुटीची भरपाई कोणी केली? उरलेल्या गावांनी. सारा वाढला, नवे कर बसले, फौजेचा पगार थकला म्हणून शिपायांनी रयतेस लुटले, वरून पेंढारी आले. आपल्या भागात गावोगाव ज्या मातीच्या पडक्या गढ्या दिसतात, त्यांतल्या पुष्कळ त्याच दिवसांत उभ्या राहिल्या. कुणब्याने, तेल्याने, कोष्ट्याने पोरेबाळे घेऊन आत शिरावे, आणि बाहेर उभे पीक जळताना पाहावे. पदवी राजाची, किंमत रयतेची.

इतके सांगून आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. डलहौसी मेला, त्यास दीडशेहून अधिक वर्षे झाली. पण त्याचा तो शेरा, "औरस मुलगा नाही, सबब वारस नाही," आमच्या वाडीत, आमच्या भाऊबंदांत, आमच्या घरात अजून जिवंत आहे.

आमची वाडी अमरावतीच्या रस्त्यावर. जेथे ज्वारी, तूर आणि संत्र्याच्या बागा होत्या, तेथे ट्रकांचे तळ आणि मालाची गोदामे झाली. एकरास जो भाव कोणी स्वप्नात पाहिला नव्हता, तो आला. आणि भाव येताच सातबाऱ्यावरच्या बहिणींची आठवण झाली. पंधरा-पंधरा वर्षे ज्या बहिणीस दिवाळीला लुगडे गेले नाही, तिच्या दारी भावाची मोटारसायकल उभी राहू लागली. कशासाठी? हक्कसोडपत्रावर सही घेण्यासाठी. एका म्हाताऱ्या बाईस आम्ही विचारले की, सही का केलीस माय? ती म्हणाली, "भावासंग वाकडं झालं तं माहेर कोठी राहीन जी?" माहेरच्या चार दिवसांची किंमत म्हणून तिने दोन एकर दिले. हा सौदा रघूजी राजाच्या विधवांच्या पेन्शनीपेक्षा काय वेगळा आहे?

जिला मुलगाच नाही अशा विधवेची गत याहून वाईट. नवऱ्याची राख थंड होत नाही तोच दीर आणि पुतणे अंगणात येऊन बसतात. "वंश बुडाला," असे म्हणतात. घरात दोन मुली खेळत असतात, तरी वंश बुडाला! मुलींचे आम्ही पाहू, तू शेताची चिंता करू नको, असे गोड बोलून फेरफारास आपली नावे लावून घेतात. हेच लोक शाळेच्या स्नेहसंमेलनात झाशीच्या राणीच्या नाटकाला टाळ्या वाजवितात. आम्ही त्यांस विचारतो, दादांनो, राणीचा दत्तक नाकारणारा तो साहेब दुष्ट, आणि वहिनीच्या मुलींस नाकारणारे तुम्ही कोण?

कायदा काय म्हणतो ते साध्या शब्दांत सांगतो, म्हणजे अडाणीपणाची सबब राहणार नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांच्या हक्कासाठी हिंदू कोड बिल मांडले, ते अडविले गेले, आणि 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडले, त्याचे हेही एक मोठे कारण होते. पुढे तेच काम तुकड्यातुकड्यांनी कायद्यात आले. 1956 च्या वारसा कायद्याने बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत, त्याने मृत्युपत्र केले नसेल तर, मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांस सारखा वाटा दिला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीस मुलाप्रमाणे जन्मतः हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. 2005 च्या कायद्याने तोही भेद गेला. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, 2005 साली बाप हयात असो वा नसो, मुलीचा हक्क जन्माचाच आहे. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर नोंदवून झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत. हक्कसोडपत्र नोंदवावे लागते. तेव्हा नोंदणीच्या कचेरीत सही करण्यापूर्वी बहिणीने ते दुसऱ्या कोणाकडून, आपल्या शिकल्या मुलीकडून, वाचून घ्यावे. आणि दत्तकाचे म्हणाल तर 1956 पासून विधवेस स्वतःच्या हक्काने मूल दत्तक घेता येते, आणि मुलगीही दत्तक घेता येते. डलहौसीने जे नाकारले, ते आज आपल्या झोपडीतल्या विधवेस कायद्याने मिळाले आहे. घेणारे आणि देणारे तेवढे पाहिजेत.

कोणी म्हणेल, गुरुजी, रिवाज तसा नाही, आणि भाऊबहिणींत तेढ पडेल. तेढ हक्क मागितल्याने पडते की हक्क खाल्ल्याने पडते, याचा विचार करावा. भावाने बापाची सेवा केली, कर्ज फेडले, शेतात घाम गाळला, हे खरे असेल तेथे बहिणीनेही ते मोजावे; बहुतेक बहिणी न सांगता मोजतात. पण वाटा ठरविताना तिला शेजारी बसवून ठरवावे. तिच्या पाठीमागे ठरवून तिच्या पुढे फक्त कागद सरकवू नये.

आता तिसऱ्या एका निपुत्रिक घराची गोष्ट सांगून आटोपते घेतो. पुण्यास जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांस पोटचे मूल नव्हते. लोकांनी दुसरे लग्न सुचविले, जोतीरावांनी ते मानले नाही. फसविल्या गेलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी आपला म्हणून वाढविला, त्याचे नाव यशवंत. 1887 साली जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्यास वारस नेमले, आणि तो नालायक निघाल्यास दुसरा लायक मुलगा निवडावा असेही लिहून ठेवले. म्हणजे वारस ठरवावयाचा तो रक्ताने नव्हे, लायकीने. पुढच्याच वर्षी, 1888 साली, मुंबईच्या कष्टकरी लोकांनी त्यांस महात्मा ही पदवी दिली. 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते वारले, तेव्हा भाऊबंद आडवे आले. दत्तकाने टिटवे धरू नये, असे त्यांचे म्हणणे. त्या अंगणात सावित्रीबाई पुढे झाल्या, त्यांनी स्वतः टिटवे हाती घेतले आणि नवऱ्याच्या प्रेतापुढे चालू लागल्या. डलहौसीचा शेरा पुण्याच्या भाऊबंदांनी पुन्हा वाचून दाखविला होता. एका बाईने तो तेथेच फेटाळला.

मार्क्विस ऑफ डलहौसी ही पदवी आज कोणाकडे नाही. सेनासाहेबसुभा ही पदवी कोणाच्या कामाची नाही. आपल्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने सरकारी पदव्यांचा हा बाजारच बंद केला. महात्मा ही पदवी मात्र सनदेवाचून, मुलावाचून, किल्ल्यावाचून आमच्या शाळेच्या भिंतीवर आहे, आणि तिच्याखाली बसून आमच्या मुली इतिहास शिकतात.

तेव्हा आमच्या शेतकरी आणि कारागीर बंधूंस आमची विनंती एवढीच. घरात वारसनोंदीचा प्रसंग आला की विधवेचे आणि मुलींचे नाव प्रथम लिहावे. भावाने बहिणीच्या दारी जाताना हक्कसोडपत्र नेऊ नये; सातबाऱ्याचा उतारा न्यावा आणि तिचे नाव कोठे आहे ते तिला दाखवावे. ज्या घरी मुलगा नाही, त्या घरी "वंश बुडाला" हे शब्द कोणी उच्चारू नयेत, आणि कोणी उच्चारलेच तर शेजाऱ्यांनी ऐकून घेऊ नयेत. आमच्या वर्गातल्या त्या मुलीस भाऊ नाही. तिच्या बापाकडे सव्वा एकर जमीन आहे, आणि गोदामवाले तिच्या चुलत्याकडे येऊन गेले आहेत. तिने तो प्रश्न इतिहासाच्या तासाला का विचारला, हे आम्हास मागाहून कळले.